वायफाय तुमच्या नावावर असतं

सांगलीत घरचं वायफाय वडिलांच्या नावावर असतं आणि पासवर्ड भाडेकरूंपासून शेजारच्या पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. अमेरिकेतल्या विद्यापीठात लॅपटॉप नेटवर्कला जोडला की त्याची नोंद तुमच्या आयडीखाली होते. कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता (नेटवर लॅपटॉपला मिळणारा क्रमांक) कुणाकडे होता, हे लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, राहतं. त्या लॅपटॉपमधून जे बाहेर जाईल, त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागतो. यंदा सांगली-मिरजेतून तिकडे शिकायला निघणाऱ्यांनी काही कामं इथंच उरकून घ्यावीत.

आधी विंडोज बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग ॲक्टिव्हेशन. लॅपटॉप तुमचा स्वतःचा असूनही तिथं ‘संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेतून’ अशा अर्थाचं काही दिसलं, तर दुकानदारानं क्रॅक मारलेला आहे, म्हणजे विंडोज चोरीचं आहे, असं धरून चाला. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करतात किंवा त्या फाइलला तपासणीतून सूट देतात, आणि ती सूट तशीच राहते. उपाय एकच: फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेर काढा, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनानं ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा आणि विंडोज नव्यानं टाका. लॅपटॉप विंडोजसकट विकत घेतलेला असेल तर परवान्याची ‘की’ त्याच्या बोर्डातच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टाकायचंच तर ११ टाका.

घरातला जुना राउटर बॅगेत भरू नका. त्या जागेत भडंग बसेल. बहुतेक वसतिगृहांत खासगी राउटरला मनाई असते, आणि ती उगाच नाही. भिंतीतल्या सॉकेटची वायर वॅन (नेट आत घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (नेट पुढे वाटणाऱ्या) पोर्टमध्ये गेली, की राउटर शेजारच्या खोल्यांनाही १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते वाटायला लागतो. ज्यांना ते मिळाले त्यांचं नेट बंद. वायफाय चालू, सिग्नल पूर्ण, पण एक पान उघडत नाही. नेटवर्कवाल्यांना उगम सापडला की तुमचं सॉकेट बंद होतं.

एज्युरोमला, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक वायफायला, जोडताना विद्यापीठानं दिलेलं इन्स्टॉलर किंवा ॲपच वापरा. हातानं जोडताना काही फोन ‘सर्टिफिकेट (वायफाय खरं असल्याचा पुरावा) तपासू नका’ असा पर्याय देतात, तो घेऊ नका. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतं, आणि तुमचा फोन त्यालाही मुकाट्यानं लॉगिन देऊन टाकतो. हाच पासवर्ड मेल, फी आणि निकालालाही चालतो.

टॉरेंटबद्दल, म्हणजे लोकांनी एकमेकांकडून थेट फाइली उतरवण्याबद्दल, जरा खुलासा. सिनेमा उतरवताना तुम्ही तो इतरांना वाटतही असता, आणि त्या गटातल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. हक्कधारक तो पत्ता आणि वेळ लिहून विद्यापीठाला नोटीस धाडतात. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात या नोटिशीची सोय आहे, आणि २००८ च्या उच्चशिक्षण कायद्यानं अशा वाटपाला आळा घालण्याची योजना ठेवणं विद्यापीठांना भाग पडलं. सिनेमा डिलीट केला तरी टॉरेंटचं ॲप लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होत राहतं आणि बाकीच्या फाइली वाटत बसतं. विमानात बसण्याआधी ते काढून टाका. रूममेटनं तुमच्या आयडीवर हे केलं, तरी पत्र तुम्हालाच येतं.

विद्यापीठाच्या लॉगिनला पासवर्डबरोबर फोनवरच्या ॲपमधून मंजुरीही लागते. जुना फोन धाकट्या भावाला देण्याआधी ते ॲप नव्या फोनवर आणा, आणि बॅकअप कोड (फोन जवळ नसताना लॉगिनला चालणारे) कागदावर लिहून पासपोर्टजवळ ठेवा. आपण लॉगिन करत नसताना मंजुरी मागितली, तर नाकारा आणि पासवर्ड बदला.

इथंच घरच्यांची गडबड होते. फी भरायला मुलाचा आयडी बाबांना दिलेला असतो. सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी दहाला बाबा लॉगिन करतात, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मुलगा झोपेत ‘मंजूर’ दाबतो, आणि उद्या चोरानं मागितली तरी तसंच दाबेल. शिवाय एकच खातं तासाभरात दोन खंडांतून उघडलं तर यंत्रणा ते संशयित धरून बंद करू शकते. फीसाठी बहुतेक विद्यापीठांत पालकांचं वेगळं खातं निघतं. विद्यार्थ्यानं फीच्या पानावर त्यांचा ईमेल घातला की झालं. त्यातून बिल दिसतं, भरता येतं. गुण दिसत नाहीत, ते मुलाला विचारावे लागतात.