गंजाच्या रंगातून उभा राहिलेला घरगुती उद्योग : आमची वाटचाल

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील आमच्या घरात सुरू झालेला हा उद्योग आजही घरातूनच चालतो. गंजलेल्या लोखंडी वस्तूंनी सुती आणि रेशमी कापड रंगवून त्याचे दुपट्टे, स्टोल आणि उशांचे अभ्रे आम्ही विकतो. गंजाचा डाग निघत नाही ही घरोघरची तक्रार आहे. त्याच्या याच चिवटपणावर आमचा भरवसा बसला.

कापड मंगळदास मार्केटमधून येते आणि लोखंड रे रोडच्या दारूखाना भागातील भंगार बाजारातून किंवा चोर बाजारातून. बिजागऱ्या, कोयंडे, साखळ्या, वॉशर असे जे मिळेल ते निवडताना जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू आम्ही बाजूला ठेवतो, कारण त्या सहसा गंजत नाहीत; आणि जुना रंग चिकटलेला पत्रा तर घरातच आणत नाही, कारण त्या रंगात शिसे असू शकते.

कोऱ्या मलमलीची खळ धुण्याच्या सोड्यात उकळून काढली नाही, तर रंग सगळीकडे सारखा धरत नाही. त्यानंतर निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी यांत भिजवलेले कापड वस्तूंभोवती गुंडाळून साधारण 12 ते 24 तास प्लास्टिकखाली ओलसर ठेवायचे. आम्लामुळे लोखंडाचा अंश कापडात उतरतो आणि हवेतील प्राणवायू मिळाला की तिथेच त्याचा गंज होऊन तो धाग्याला धरून बसतो. पावसाळा इतर रंगाऱ्यांना अडचणीचा वाटत असला, तरी आम्हाला तो मानवतो. मे महिन्यात मात्र वरचेवर पाणी शिंपडावे लागते. बिजागरीवरची घडी उलगडल्यावर मधोमध गर्द तपकिरी, कडेला नारिंगी आणि स्क्रूच्या भोकांच्या जागी फिकट ठिपके दिसतात, तेव्हा केलेल्या कष्टाचे खरोखर चीज होते.

या कामातील खरे कसब गंज वेळेवर थांबवण्यात आहे. लोखंडाचे प्रमाण वाढले की धागा कमजोर होतो आणि कापड कालांतराने विरते. म्हणून मनासारखी छटा येताच आम्ही कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारतो आणि भरपूर पाण्याने धुतो. गडद रंग हवा असल्यास कापड जास्त वेळ ठेवण्याऐवजी ते आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतो. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की राखाडीपासून काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात. कलमकारीत आणि राजस्थानातील बगरूच्या छपाईत लोखंड व गूळ आंबवून काळा रंग पूर्वापार करतात, त्याच वाटेवरचे हे काम आहे.

सुरुवातीला एका दुकानाने हुबेहूब सारख्या दुपट्ट्यांची मोठी मागणी नोंदवली होती. पैशांची गरज असूनही आम्ही ती नाकारली, कारण तसे करायचे तर छापखानाच काढावा लागला असता. आता आम्ही दुकानांना छटांचे नमुने दाखवतो आणि नक्षी वेगवेगळीच येईल हे आधीच सांगतो. प्रत्येक नगासोबत लिंबू आणि ब्लीच टाळण्याची सूचना असते. गंजाच्या खरखरीत कणांनी शिलाई यंत्राच्या सुया लवकर बोथट होतात, तो खर्चही किमतीत धरलेला आहे.

पुढचे काम साड्यांचे आहे. साडेपाच मीटरची साडी आमच्या गॅलरीत पसरता येत नाही, त्यामुळे सोसायटीकडे गच्ची वापरण्याची परवानगी मागितली आहे.