चिंचेचं वय

वृक्षगणनेत दिवसाला शंभर-सव्वाशे झाडं होतात. नाव, घेर, उंची, फोटो, की पुढचं झाड. मंगळवारी साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका सरदारी वाड्याची बाग वाट्याला आली. आंबे, बकुळी पटापट उरकल्या आणि चिंचेपाशी अडकले.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. पण इथं जमीन कुठंय? बुंध्याभोवती कंबरेइतका पार, त्यावर कुणा हौशी माणसानं थेट सालीला भिडवून फरशी बसवलेली. झाडाला श्वास लागतो हे यांना कोण सांगणार! शेवटी गवंडी वापरतात तसली पाण्याची नळी घेतली, बागेतली मूळ पातळी बुंध्यावर आणली आणि तिथून मोजलं. घेर ५.८ मीटर. ढोलीत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला, बोटांना नुसता ओला भुसा. गाभाच नाही, तर वर्षवलयं कसली मोजता! तशीही चिंचेची वलयं सागासारखी स्पष्ट नसतात.

"थोरल्या म्हाराजांनी लावल्यालं झाड हाय बाई," माळीआजोबा म्हणाले.

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८चा, पायथ्याचं शहरही त्यांनीच वसवलं. म्हणजे तीनशेच्या घरात. पण मला भेटलेलं प्रत्येक जुनं झाड कुठल्या ना कुठल्या राजानंच लावलेलं असतं. माळ्यानं लावलेलं एकही नाही. आजोबांना तसं म्हटलं, तर ते खुदकन हसले आणि मला मागे घेऊन गेले.

आवाराची भिंत सरळ येते आणि चिंचेपाशी हातभर बाहेर वळसा घेते. चुन्यात बसवलेल्या पातळ विटा, सिमेंटच्या कितीतरी आधीच्या. म्हणजे भिंत बांधली तेव्हाच झाड एवढं मोठं होतं, की गवंड्यानं वाट वाकडी केली.

ॲपमध्ये वयाच्या रकान्यात 'भिंतीपेक्षा जुनं' लिहिता येत नाही, आकडाच लागतो. साहेबांना फोन लावला.

"एक्कावन्न टाका. पन्नासच्या पुढं गेलं की हेरिटेज वृक्ष. काम झालं."

काम झालं खरं. पण वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार असं झाड तोडायचं झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. उद्या रस्तारुंदी आली तर या चिंचेच्या बदल्यात एक्कावन्न रोपं, आणि त्यातली जगणार किती ते आम्हाला माहीत आहे.

मी दोनशे टाकले. पुरावा म्हणून भिंतीचे तीन फोटो जोडले. संध्याकाळी नोंद परत आली, शेरा होता: 'झाडाचा फोटो जोडावा.'