तीन घरांचे रक्त

शब्दकोड्यात ‘रक्त’ एवढेच शोधसूत्र आणि पुढे तीन रिकामी घरे दिसली, की मी पेन बाजूला ठेवून पेन्सिल उचलतो. रुधिर, शोणित आणि लोहित हे तिन्ही शब्द तेथे नेमके बसतात, तिघांच्याही मधल्या अक्षराला पहिली वेलांटी असते, आणि ते अक्षर धि, णि की हि हे एखादा उभा शब्द सांगत नाही तोवर हात आवरावाच लागतो. अमरकोशाने रक्ताची सात नावे एकाच ओळीत दिली आहेत. त्यांतले ‘क्षतज’, म्हणजे जखमेतून जन्मलेले, हेही तीनच घरांचे; पण ते मराठी कोड्यात घालणाऱ्याला मी क्षमा करणार नाही.

आपल्याकडे जोडाक्षराला एकच घर मिळते, त्यामुळे खुद्द ‘रक्त’ दोन घरांत मावते आणि त्याला दोन अक्षरी शेपूट जोडले की चार घरांचे शब्द रांगेने उभे राहतात: रक्तदान, रक्तदाब, रक्तगट, रक्तपेढी, रक्तपात, रक्तद्रव. पहिली दोन घरे भरली म्हणून खूश व्हावे, तर खरे कोडे तेथूनच सुरू होते. एकदा ‘देवीमाहात्म्यातील असुर’ हे सूत्र नीट न वाचता मी घाईने ‘रक्तपात’ लिहिले आणि रक्तबीजाने माझा सगळा उजवा कोपरा बिघडवला.

माझे आवडते उत्तर मात्र ‘रोहिणी’. शरीरशास्त्रात ती हृदयाकडून रक्त वाहून नेणारी धमनी, आकाशात चौथे नक्षत्र, पुराणात चंद्राची लाडकी पत्नी आणि बलरामाची आई. कोडेकाराने ‘हृदयापासून निघते, चंद्रापाशी राहते’ असे सूत्र दिले, तर मी त्याला मनोमन दाद देईन.

गेल्या आठवड्यात ‘बाणासुराची राजधानी’ या पाच घरांपाशी अडलो. उषा-अनिरुद्धाच्या कथेतले ते नगर आसामातल्या तेजपूरशी जोडले जाते, आणि असमिया भाषेत ‘तेज’ म्हणजे रक्तच, एवढे आठवत होते. म्हणून ‘तेजपूर’ लिहून पाहिले, तर एक घर उरले. तेजपूर ज्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे त्याचे नाव शोणितपूर, हे ध्यानात यायला चहाचा दुसरा कप लागला.