खोटा निघालेला शोधनिबंध काढून का टाकत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून: छापून आलेला निबंध खोटा निघाला, तर संपादक तो सरळ उडवून का टाकत नाहीत?

कारण तोवर त्याचे संदर्भ इतरांच्या निबंधांत, प्रबंधांत जाऊन बसलेले असतात. पानच गायब केलं, तर तो संदर्भ शोधत येणाऱ्याला काय घडलं ते कळणार नाही. म्हणून निबंध जागेवर ठेवून पीडीएफच्या प्रत्येक पानावर ‘रिट्रॅक्टेड’ (मागे घेतलेला) असा शिक्का मारतात आणि वेगळी सूचना छापतात. ती फुकट वाचता यावी, मूळ निबंधाला जोडलेली असावी, आणि निबंध कोणी व का मागे घेतला हे तिच्यात असावं. ‘काही त्रुटींमुळे’ एवढ्यावर भागवणारा संपादक लेखकाची अब्रू झाकतो, वाचकाला वाऱ्यावर सोडतो. (निबंध खरोखरच उतरवावा लागतो तो क्वचित, उदाहरणार्थ रुग्णाची ओळख उघडी पडली असेल तर.)

खरी किचकट कामं त्याआधीची. तक्रार आली की पत्र सगळ्या लेखकांना जायला हवं, फक्त पत्रव्यवहार पाहणाऱ्याला नाही. आपलं नाव निबंधावर आहे हेच माहीत नसलेले सहलेखकही निघतात. मूळ आकडेवारी मागायची, मुदत घालायची. उत्तर पटलं नाही, तर लेखकाच्या संस्थेला कळवायचं, कारण प्रयोगवह्या ताब्यात घेऊन तपासणं संपादकाच्या हातात नसतं. गाडी अडते ती इथे. चौकशी झाली तर संस्थेचंही नाव खराब होणार, मग पत्रं पडून राहतात. अशा वेळी गप्प न बसता ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ छापावं: निबंधाबद्दल शंका आहे, तपास चालू आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचीच दोन टोकं पाहा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध १९९८ मध्ये आला. २००४ मध्ये १० सहलेखकांनी त्यातल्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं, पण निबंध पूर्ण मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, ब्रिटनच्या वैद्यक परिषदेचा निवाडा आल्यावर. उलट, कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध वापरण्याबद्दलचा निबंध २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण त्यातली आकडेवारी पुरवणाऱ्या सर्जिस्फीअर कंपनीने ती पूर्ण त्रयस्थ तपासनिसांना दिली नाही आणि चारपैकी तीन लेखकांनी स्वतःच निबंध मागे घेण्याची विनंती केली. आकडेवारी मिळत नाही, हे कारण तिथे पुरलं.

आणि तक्रार संपादकाच्याच निबंधाबद्दल असेल तर? मग ती फाइल त्याच्या टेबलावर येताच कामा नये. संपादक मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे ती जाईल, हे नियमावलीत आधीच लिहून ठेवावं लागतं. आपल्याकडच्या छोट्या नियतकालिकांत मंडळ बऱ्याचदा नावापुरतंच असतं.