२२ डिसेंबरचा मेळावा

शाळेत वर्षभर कार्यक्रम पुष्कळ व्हायचे, पण मला ओढ असायची ती २२ डिसेंबरची. श्रीनिवास रामानुजन यांचा हा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेला हक्काचा गणित मेळावा मिळाला. १४ मार्चला जगभर पाय (π) दिवस असतो खरा, पण तेव्हा मुलांच्या डोक्यावर परीक्षा. आमचा डिसेंबरच बरा!

मुलं घरून परात, डबे, चाळण्या, बांगड्या घेऊन यायची. व्हरांड्यात सुतळी आणि मोजपट्ट्या घेऊन गट बसत. परीघ भागिले व्यास, एवढंच काम; वर्तुळ कुठलंही असो, येणारा आकडा म्हणजेच पाय. बांगडीवाल्या गटाचं उत्तर कधी ३.० तर कधी ३.३ यायचं, कारण एवढ्याशा वस्तूत दोन मिलिमीटरची चूकही भारी पडते. मग सायकल बाहेर निघायची. टायरवर खडूची खूण करून चाकाचा एक फेरा पटांगणात फिरवायचा आणि जमिनीवरचं अंतर मोजायचं. इथे उत्तर ३.१४ च्या अगदी जवळ येई. सगळ्यांचे आकडे फळ्यावर चढले की परात असो वा चाक, गाडी तीनच्या आसपासच थांबलेली. पाचवीची मुलं ते बघून आपलं गणित पुन्हा तपासायला पळत.

पाटण आमच्याच तालुक्यातलं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख तिथला. त्यामुळे भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'तला श्लोक म्हटल्याशिवाय मेळावा पुरा होत नसे. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागलं की सूक्ष्म, म्हणजे अधिक अचूक परीघ, २२ ने गुणून ७ ने भागलं की व्यवहारापुरता. मुलं दोन्ही भागाकार करत: ३.१४१६ आणि ३.१४२८. पाय म्हणजे बरोबर २२/७, ही घट्ट बसलेली समजूत तिथे सुटायची. मला मेळाव्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटे.

नववीसाठी दोरीचा प्रश्न राखून ठेवलेला असे. पृथ्वीच्या विषुववृत्ताला घट्ट गुंडाळलेली दोरी एक मीटरने वाढवली, तर ती सगळीकडून किती वर उचलली जाईल? कुणी म्हणे केसाएवढी, कुणी म्हणे तेवढीही नाही. एक भागिले दोन पाय, म्हणजे जवळजवळ १६ सेंटिमीटर! आणि फुटबॉलभोवतीची दोरी एक मीटरने वाढवली तरी तेवढीच. त्रिज्या उत्तरात येतच नाही. यावर वाद इतका रंगायचा की घंटा झाली तरी पोरं फळा सोडत नसत.