शनिवारचा धडा, सोमवारी

हजेरीपटावर माझ्या नावापुढचा शनिवारचा चौकोन कायम कोरा असे. जून 1976 मध्ये मी आठवीत आपल्या शाळेत दाखल झालो. त्याआधी दुसऱ्या एका शाळेत याच कोऱ्या चौकोनापायी मी दर सोमवारचा पहिला तास बाकावर उभा राहून काढलेला होता. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागच्या इस्रायल आळीत आमचं घर. शनिवार म्हणजे शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, पेन हातात धरायचं नाही, मग शाळा सकाळची असली काय आणि अर्ध्या दिवसाची असली काय. कोकणात आमच्या लोकांना शनवारतेली म्हणत. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, त्यावरून पडलेलं ते नाव. लहानपणी मला त्याची लाज वाटे.

आपल्या वर्गाला मराठीच्या बाई वर्गशिक्षिका होत्या. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "शनिवारी असतोस कुठे?"

"मशिदीत." (इस्रायल आळीतल्या आमच्या प्रार्थनास्थळाला गाव मशीद म्हणे, आणि आम्हीही.)

"तिथे काय असतं?"

"तोरा वाचतात."

"म्हणजे शिकतोसच की. मग असं कर. सोमवारी प्रार्थना झाली की पहिली पाच मिनिटं तुझी. शनिवारी काय वाचलं ते वर्गाला सांगायचं. तुझा शनिवार भरला."

मी मान हलवून खाली बसलो, पण पोटात गोळा आला होता. कारण वाचलेलं मला कळतच नव्हतं.

तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून आमच्या पूर्वजांना बाहेर काढणाऱ्या मोशेची पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत. एकेका भागाला पाराशा म्हणतात. दर शब्बाथला एक, कधी दोन जोडून, असं करत वर्षभरात ग्रंथ पुरा होतो, आणि ज्या दिवशी तो संपतो त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. आमच्या कालगणनेतही अधिक महिना असतो, 19 वर्षांत सात वेळा. अशा लांब वर्षी जोड्या सुट्या करून वाचतात. वाचन होतं ते चामड्याच्या गुंडाळीवरून. ती हाताने लिहिलेली असते, त्यात काना-मात्रांसारख्या स्वरखुणा नसतात, आणि एक अक्षर जरी चुकलेलं निघालं तरी ती दुरुस्त होईपर्यंत वाचायला घेत नाहीत. अक्षरांना बोट लावायचं नाही म्हणून चांदीची एक कांडी असते, टोकाशी इवलासा हात कोरलेली. ती कांडी ओळीवरून सरकताना बघत मी मोठा झालो. चाल कानात बसली होती, कुठे सूर चढतो, कुठे उतरतो, सगळं पाठ होतं. अर्थ मात्र हिब्रूतच राहिला होता.

मग आजोबांना धरलं. शुक्रवारी सकाळी आई काळ्या मनुका भिजत घाली. दुपारी त्या हाताने कुस्करून पातळ धडप्यातून गाळायच्या, हे काम माझं. संध्याकाळी काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल घालून वात लावली जाई, मनुकांच्या त्या शरबतावर आजोबा आशीर्वाद म्हणत आणि सगळ्यांना घोट घोट देत. जेवणं उरकली की ते मराठी पवित्र शास्त्र उघडत. पूर्वी ते एकटेच मनात वाचत, आता मला शेजारी बसवून मोठ्याने वाचू लागले. त्यांचं बोलणं अलिबागचं आणि शास्त्राची भाषा जुनी, छापील. दोन्ही एकमेकांत मिसळून जात.

पहिली पाराशा माझ्या वाट्याला आली ती हेरांची. देवाने देऊ केलेला देश पाहायला मोशे बारा माणसं पाठवतो. दहा जण घाबरून परततात. सांगतात, तिथली माणसं राक्षसासारखी उंच आहेत. आम्ही आमच्याच नजरेत नाकतोड्यांसारखे झालो, आणि त्यांच्याही. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलांच्या आवाजात माझा आवाज बुडत होता. 'नाकतोडे' ऐकून वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते वाक्य पुन्हा म्हण. आधी कोणाच्या नजरेत?" मी म्हटलं, "आमच्याच." बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं: आधी आमच्याच नजरेत. दिवसभर ते फळ्यावर राहिलं. भूगोलाच्या सरांनीही पुसलं नाही, त्याच्या खाली नकाशा काढला. शनवारतेली या नावाची लाज कधी गेली, हे मला कोणी विचारलं तर मी तो सोमवार सांगेन.

दर सोमवार असा नसे, हेही खरं. लेवीयच्या पुस्तकातले होमबलींचे आणि चर्मरोगाचे अध्याय आले की आजोबाही भराभर पानं उलटत आणि मी तीन वाक्यांत उरकून बसे.

जुलैत सलाफहादच्या मुलींची गोष्ट आली. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, अशा पाच बहिणी. बाप वाळवंटात वारला, भाऊ नाही. जमिनीच्या वाटपात बापाचं नाव पुसलं जाणार, म्हणून त्या थेट मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. मोशेकडे उत्तर नसतं. तो देवाला विचारतो, आणि देव सांगतो की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. मला यात सगळ्यांत मोठी वाटते ती मोशेची गोष्ट. एवढा मोठा माणूस, पण ठाऊक नाही म्हणून थांबला, रेटून निकाल दिला नाही. पुढे त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्नं करावीत अशी अट पडली, तेही मी वर्गात सांगितलं. मुलींच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, "मग आमचा वाटा?" तेव्हा उत्तर कोणाकडेच नव्हतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात 1994 च्या कायद्याने आला, आणि देशभर 2005 साली. ही बातमी वाचली तेव्हा मला नोआ आणि होग्ला आठवल्या नाहीत, ती मुलींची रांग आठवली.

एका सोमवारी सांगायला काहीच नव्हतं. गुंडाळी उघडून वाचायची तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. आमच्यातली घरं एकेक करून इस्रायलला चालली होती. त्या शनिवारी मशिदीत आठच माणसं जमली. मला तेरा पुरी झाली होती, म्हणून मलाही धरून आठ. अकरापर्यंत वाट पाहिली, मग नुसती प्रार्थना म्हणून सगळे घरी गेले. मी वर्गात तेवढंच सांगितलं, माणसं कमी पडली, वाचन झालं नाही. मागच्या बाकावरून एका मित्राने हात वर केला. "बाई, दोनच कमी ना? आम्ही दोघं जाऊ का पुढच्या शनिवारी? शाळा सुटली की पळत जातो." ते का चालत नाही हे मी त्याला समजावून सांगितलं. घरी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "त्यांना घरी जेवायला बोलव."

पण ज्या सोमवारासाठी हे सगळं लिहायला बसलो तो सप्टेंबरातला. पाराशेचं नाव 'की तेत्से', अनुवादच्या पुस्तकातली. तोरेतल्या 613 आज्ञांपैकी 74 एवढ्या एका पाराशेत आहेत, आणि बहुतेक घरच्या, शेतावरच्या, देण्याघेण्याच्या. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. कर्जापोटी कोणाचं जातं गहाण घेऊ नका, खालची तळीही नको आणि वरचीही. ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. घरट्यातली पिल्लं किंवा अंडी घ्यायची झाली तर आईला आधी उडून जाऊ द्या. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका.

वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. हे सगळं त्यांच्या खळ्यावरचं होतं. जातं गहाण म्हटल्यावर कोणाला तरी आपली आजी आठवली, मुसक्यावरून तर दोघांचं चांगलंच जुंपलं. एक म्हणे, मुसकं नाही बांधलं तर बैल भात खाऊन पोट फुगवून घेतो. दुसरा म्हणे, आमचे बाबा कधी बांधत नाहीत, राबतो त्याने चार घास खाल्ले तर काय बिघडलं. बाईंनी भांडू दिलं.

मग मी पुढची आज्ञा सांगितली. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला मागे फिरू नका. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. लेवीयच्या पुस्तकात याच्या जोडीला आणखी आहे: शेताचे कोपरे कापू नका आणि सरवा वेचू नका.

सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात सांडून राहिलेल्या लोंब्या, हे वर्गात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. कातकरवाडीवरून येणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती. दाराजवळच्या बाकावर बसायची. तीन महिन्यांत तिचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई सरवा वेचते. मालक हाकलतो."

एवढंच बोलून ती बसली. ज्यांच्या शेतावर कातकरीण बायका सरवा वेचायला येत, त्या घरांतली चार-पाच मुलं वर्गात होती. कोणी मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी मला सांगितलं, "पुढे काय लिहिलंय ते वाच." पुढे कारण दिलेलं आहे: तूही मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव, म्हणून मी तुला हे करायला सांगतो. मी वाचलं. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती, पहिल्या तासाची घंटाही झाली होती. बाई तिच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. त्या दिवशीचा मराठीचा तास त्यांनी तिथूनच घेतला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा बैलावरून भांडलेला पहिला मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "या वर्षी बाबांशी भांडलो. एक कोपरा ठेवला. लहानच आहे." कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

1983 मध्ये आम्हीही निघालो. आता मी इस्रायलमध्ये बीरशेवाला राहतो. इथे मराठी बोलणारी पुष्कळ घरं आहेत. सप्टेंबरच्या सुमारास 'की तेत्से' वाचली जाते, कांडी त्या ओळीवर येते आणि मला अर्थासाठी आता मराठी पुस्तक लागत नाही. तरी कानात हिब्रू वाजत नाही. "मालक हाकलतो" एवढंच वाजतं, तिच्या आवाजात.

शाळेचं निमंत्रण आलं, पन्नासाव्या वर्षाचं. बाईंच्या वर्गात आणखी वर्षभर असतो तर मी हेही सांगितलं असतं की इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'ज्युबिली' हा शब्द मुळात तोरेतल्या 'योवेल'शी जाऊन भिडतो. लेवीयच्या पुस्तकात, 'बेहार' नावाच्या पाराशेत तो येतो. सात वर्षांची सात आवर्तनं मोजायची आणि पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकायचं. गुलाम सुटतात, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते, प्रत्येक जण आपापल्या घरी परततो. योवेल आज कुठे पाळली जात नाही. सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची रीत मात्र इथे अजून आहे. गेल्या खेपेला, 2021-22 मध्ये, शेजारच्या म्हाताऱ्याने अंगणातल्या लिंबाला वर्षभर कात्री लावली नाही, आणि फाटक उघडं ठेवलं. ज्याला लिंबं हवीत त्याने आत यावं.

सोहळा डिसेंबरातल्या शनिवारी आहे असं पत्रात लिहिलं आहे. मी विमानाचं तिकीट काढलं आहे. शनिवारी मी मशिदीत असेन. दहा जण जमले तर बरं, नाही जमले तरी. त्या दिवसांत, भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाची गोष्ट चाललेली असते. इतक्या वर्षांनी तो भावांसमोर उभा राहतो, मी योसेफ म्हणतो आणि पुढच्याच श्वासात बापाची चौकशी करतो.

बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि ऐकू कमी येतं, असं कळलं. त्यांना निरोप धाडला आहे. मुख्याध्यापकांनाही विनंती केली आहे की सोमवारी प्रार्थनेनंतर मला आठवीच्या वर्गात पाच मिनिटं द्यावीत. माझा एक शनिवार भरायचा आहे.

— माजी विद्यार्थी, दहावी, मार्च 1979