एडासची सेटिंग्ज बसवताना

"मॅडम, एडास सगळं ऑन करून दिलंय, तुम्हाला काही बघायला नको." गाडीची किल्ली हातात देताना शोरूममधला मुलगा हे म्हणाला आणि मी मनाशी ठरवलं की आता आधी तेच बघायचं. एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने चालकाला सावध करणाऱ्या, वेळेला स्वतः ब्रेक लावणाऱ्या सोयी. सगळं ऑन असलेली गाडी संध्याकाळच्या सिंहगड रोडवर घातली की काय होतं ते एकदा अनुभवाच. डावीकडून दुचाकी, उजवीकडून रिक्षा, पुढे पीएमपी. गाडी बिचारी सारखी ओरडत राहते. बरेच जण वैतागून सगळंच बंद करतात ते यामुळेच.

मी आधी मॅन्युअल काढलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून मेनू एकेक करून उघडला. काचेमागे आरशापाशी कॅमेरा, पुढच्या बंपरमध्ये रडार, एवढं कळलं की बाकीचं बरंचसं उलगडतं. रेषा बघतो तो कॅमेरा. पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजायचं मुख्य काम रडारचं.

धडकेच्या इशाऱ्याला तीन पर्याय होते: लवकर, मध्यम, उशिरा. शहरात मी 'उशिरा' ठेवते, हायवेला 'लवकर'. आपोआप ब्रेक लावणारी सोय मात्र कधीच बंद करत नाही. ती सहसा गप्प असते आणि तिने गप्पच राहावं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला लेन असिस्टने, म्हणजे गाडी आपल्या लेनमध्ये ठेवणाऱ्या सोयीने. आपल्याकडे खड्डा चुकवायला कोण इंडिकेटर देतो? पण इंडिकेटर न देता रेषा ओलांडली की स्टेअरिंग हाताखाली हलकेच उलटं ओढतं. पहिल्यांदा दचकायला होतं. जोर फार नसतो, आपण वळवलं की वळतं. पण पुढे खड्डा दिसत असताना कोणी हाताशी झोंबाझोंबी करावी, हे नको वाटतं. म्हणून 'असिस्ट'वरून 'फक्त इशारा' केलं, आणि तो इशाराही आवाजाऐवजी स्टेअरिंगच्या थरथरीवर ठेवला. माझ्या गाडीत हे साठच्या खाली चालूच होत नाही, त्यामुळे गावात तसाही त्रास नव्हता.

कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामात जागोजागी डायव्हर्जन लागली. तिथे जुने पांढरे पट्टे पुरते खोडलेले नव्हते आणि नवे त्यांना छेदून गेले होते. डॅशबोर्डवरच्या चित्रात रेषा हिरवी व्हायची, पुसायची, मग भलतीकडेच उमटायची. बाबा शेजारी बसले होते. "ही गाडी आपणहून वळते म्हणतेस, मग आता कुठे जाणार ती?" अशा ठिकाणी लेन असिस्ट सरळ बंद.

अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ मात्र आवडलं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला शंभरची मर्यादा आहे. वेग तिथे लावून दिला की पुढची गाडी मंदावली तर आपलीही मंदावते. गोची आहे ती अंतराची. सगळ्यात मोठं अंतर निवडलं की त्या मोकळ्या जागेत कोणी ना कोणी घुसतोच, मग आपली गाडी मागे सरते, आणि पुन्हा पुढचा घुसतो. सगळ्यात कमी अंतर मला भीतीदायक वाटतं. मधलं ठेवलंय. घाट आला की क्रूझ बंद, कारण वळणावर रडारला पुढचा ट्रक दिसेनासा होतो आणि गाडी सेट केलेला वेग गाठायला निघते. आणि हो, हात स्टेअरिंगवरच ठेवायचे. काढले की थोड्या वेळात ती आठवण करून देते.

एक गोष्ट मेनूमध्ये शोधून शोधून दमले: ऐंशीच्या वर दर मिनिटाला वाजणारी टिंग. ती बंद करायचं बटण नाहीच. तिचा एडासशी संबंध नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे, 120 च्या वर तर सलग वाजते. बाबांना ती फार आवडते. टिंग झालं की ते माझ्याकडे बघतात.

पावसात बंपरवर चिखल बसला की रडार बंद पडल्याचा संदेश येतो; ओल्या फडक्याने पुसलं की जातो. काचेचं काम जरा खर्चिक. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावं लागतं. माझ्या विम्यात तो खर्च बसतो का, ते एजंटला विचारलंय. तो "बघून सांगतो ताई" म्हणालाय.